'ओनरशिप' म्हणजे नेमकी कशाची मालकी?

प्रश्न असा आहे. आजोबांनी १९७४ साली डोंबिवलीत ब्लॉक घेतला. पाच रुपयांच्या स्टँपपेपरवर टाइप केलेल्या करारात तो 'ओनरशिप बेसिसवर' घेतल्याचं लिहिलंय. नातू आता तो विकायला काढतोय. एजंट म्हणतो, "ओनरशिप आहे, डोळे झाकून विका." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही सभासद. मालक सोसायटी." आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील विचारतो, "कन्व्हेयन्स झालंय का?" तिघांतलं खरं कोण बोलतंय, ओनरशिप या शब्दाचा अर्थ तरी काय आणि त्याला मराठीत चांगला शब्द कोणता, असं त्या नातवानेच विचारलंय.

तिघंही खरं बोलतायत. गेली एकतीस वर्षं मी सोसायट्यांची आणि फ्लॅटच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करते. या एका शब्दाने जेवढी माणसं निश्चिंत केली आणि मग माझ्या ऑफिसात आणून बसवली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच शब्दाने नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी शब्द बोलण्यात कसा येतो ते बघा. "जागा ओनरशिपची आहे की भाड्याची?" "चाळीतली खोली पागडीची होती, मग बदलापूरला ओनरशिप घेतली." "बिल्डर म्हणतोय सगळ्यांना ओनरशिपवर देणार." यात ओनरशिप कुठेही एकटा उभा नाही. त्याच्यासमोर कायम दुसरा कुणीतरी आहे: भाडं, पागडी, अकरा महिन्यांचा करार, कंपनीचं क्वार्टर. 'तुमच्या मालकीचं नेमकं काय आहे' या प्रश्नाला हा शब्द उत्तरच देत नाही. तो सांगतो ते एवढंच की इथून कुणी उठवणार नाही, महिन्याच्या महिन्याला कुणाच्या हातावर भाडं टेकवायचं नाही आणि हवं तेव्हा विकता येईल. सामान्य माणसाला घराकडून हेच हवं असतं, म्हणून शब्द इतका चालला. पण ही सगळी 'काय नाही' याची यादी आहे. काय आहे, ते कागदात शोधावं लागतं.

असं का झालं त्याला इतिहास आहे. मुंबईत जुनी रीत अशी की मालक इमारत बांधणार, बिऱ्हाडं भाड्याने देणार आणि पिढ्यान्‌पिढ्या भाडं खाणार. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं बऱ्याच जागांसाठी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधण्यात कुणाला राम उरला नाही. मग दोन वाटा निघाल्या. जुन्या जागांत पागडी आली: एकरकमी पैसे मोजून भाडेकरूचा हक्क घ्यायचा, नावावर भाडेपावती करून घ्यायची, आणि पुढे खोली कुणाला दिली की त्यातला ठरलेला वाटा, रिवाजाने साधारण एक तृतीयांश, मालकाला द्यायचा. नव्या इमारतींत बिल्डरने भाडेकरू ठेवण्याऐवजी एकेक ब्लॉक विकायला सुरुवात केली. त्या विक्रीला नाव पडलं 'ओनरशिप बेसिस'. म्हणजे शब्द जन्मला तोच भाड्याच्या विरोधात.

तेव्हा या प्रकाराला नियम नव्हता. पैसे घ्यायचे, कागद द्यायचा नाही, एकच ब्लॉक दोघांना विकायचा, जमिनीचे कागद दाखवायचे नाहीत, असे उद्योग सुरू झाले. सरकारने १९६० मध्ये समिती नेमली आणि १९६३ मध्ये कायदा आला. लोक त्याला मोफा म्हणतात. कायद्याचं मराठी नाव 'महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबत' असं सुरू होतं आणि पुढे बराच वेळ संपत नाही. बाजारातला 'ओनरशिप फ्लॅट' इथे थेट कायद्याच्या मथळ्यात जाऊन बसला. एरवी कायद्यातले शब्द बाजारात येतात. इथे उलटं झालं.

गंमत म्हणजे मथळ्यात 'मालकी हक्काच्या' म्हणणारा हा कायदा फ्लॅट घेणाऱ्याला थेट मालक करतच नाही. तो बिल्डरवर बंधनं घालतो. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त पैसे घेण्याआधी लेखी करार कर आणि तो नोंदवून घे. जमिनीचे कागद दाखव. पुरेसे खरेदीदार झाले की त्यांची सहकारी संस्था किंवा कंपनी नोंदव. आणि मग जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून दे. नियमानुसार संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. हे शेवटचं पाऊल म्हणजे कन्व्हेयन्स, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण. बँकेच्या वकिलाने विचारलं ते हेच.

म्हणजे आजोबांच्या हातात जे आलं तो करारनामा होता, खरेदीखत नव्हे. बिल्डरने 'हा ब्लॉक तुम्हाला देईन आणि पुढे संस्थेच्या नावे जमीन करून देईन' असं दिलेलं बांधून घेणारं वचन. ताबा मिळाला, लाइट बिल नावावर झालं, घरभरणी झाली, पण जमीन आणि इमारतीची कायदेशीर मालकी कन्व्हेयन्स होईपर्यंत बिल्डरकडे किंवा मूळ जमीनमालकाकडेच राहते. डोंबिवली, ठाणे, कांदिवली, कुठेही जा. तीस-चाळीस वर्षं झालेल्या आणि कन्व्हेयन्स न झालेल्या इमारती ढिगाने आहेत. तिथले सगळे रहिवासी स्वतःला ओनरशिपवाले म्हणतात, आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवर, नाव अजून एखाद्या केव्हाच वारलेल्या भूमिपुत्राचं असतं. इमारत उभी आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. पुनर्विकासाचा विषय निघाला की त्या भूमिपुत्राचे सतरा वारस उगवतात.

आता सेक्रेटरींकडे येऊ. "मालक सोसायटी" असं ते म्हणतात ते उद्धटपणा वाटला तरी कायद्याला धरून आहे. तुमच्या सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र काढून बघा. वर्गीकरणाच्या ओळीत बहुतेक ठिकाणी 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था' असं छापलेलं दिसेल. होय, भाडेकरू! ओनरशिपच्या इमारतीच्या जन्मदाखल्यावर भाडेकरू हा शब्द. पहिल्यांदा दाखवते तेव्हा लोकांना वाटतं टायपिंगची चूक आहे. एका गृहस्थांनी तर तो शब्द खोडून 'मालक' करून द्या म्हणून उपनिबंधकांकडे अर्ज लिहून आणला होता माझ्याकडे. त्यांना चहा पाजला आणि अर्ज ठेवून घेतला.

तो शब्द जुन्या सहकारी कल्पनेतून आलाय. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तालमकी होते; ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. कल्पना अशी की जमीन आणि इमारत संस्थेची, सभासद मिळून संस्था, आणि प्रत्येक सभासद आपल्याच संस्थेचा भाडेकरू. एकटा कुणीच मालक नाही, सगळे मिळून मालक. पुढे महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली सोसायट्या याच साच्यात नोंदल्या गेल्या. बिल्डरने विकलेली ओनरशिपची इमारत कन्व्हेयन्सनंतर या साच्यात येऊन बसते. याच कुटुंबात 'भाडेकरू मालकी' नावाचा आणखी एक प्रकार आहे. तिथे जमीन संस्थेची आणि वरचं घर सभासदाचं, म्हणजे बंगल्यांच्या सोसायट्या. त्यात फार शिरत नाही.

तेव्हा सोसायटीत तुमच्याकडे असतं ते असं: संस्थेचे काही भाग, त्याचं भागपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आणि त्या भागांना चिकटलेला विशिष्ट फ्लॅटचा भोगवट्याचा, म्हणजे राहण्या-वापरण्याचा हक्क. जुन्या सर्टिफिकेटवर पन्नास रुपयांचे पाच भाग, एकूण अडीचशे रुपये लिहिलेले असतात. एक कोटीच्या फ्लॅटचा आधार असलेला हा अडीचशे रुपयांचा कागद बघून परदेशात वाढलेली नातवंडं हसतात.

पण म्हणून हा हक्क कच्चा समजू नका. सोसायटीतल्या फ्लॅटचा भोगवट्याचा हक्क ही हस्तांतर करण्याजोगी, धनकोला जप्त करून विकता येईल अशी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच म्हटलंय. विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसाला जातो, त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. व्यवहारात मालकीने जे साधतं ते सगळं यातून साधतं. फरक कळतो तो कडेला: गच्ची कुणाची, मोकळ्या जागेत कुणी काय बांधायचं, इमारत पाडायची की नाही. तिथे तुम्ही एक मत असलेले सभासद असता, त्याहून अधिक काही नाही.

गच्चीवरून आठवलं. शब्दाचा सगळ्यात वाईट वापर पार्किंगच्या बाबतीत होतो. "स्टिल्टचं पार्किंग ओनरशिपचं आहे, चार लाख दिलेत बिल्डरला." मोफाच्या व्याख्येत 'फ्लॅट'मध्ये राहण्याची जागा येते, दुकान, ऑफिस, गोदाम येतं, गॅरेजही येतं. म्हणून ओनरशिपचं दुकान असतं, ते बरोबर. पण खांबांच्या मधली उघडी जागा गॅरेज नव्हे, ती सामाईक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात दिला. तरी पावत्या फाडणं काही थांबलं नाही. असा 'ओनर' सर्वसाधारण सभेत पावती फडकवतो तेव्हा मी शक्यतो खिडकीबाहेर बघते.

आता पुणे. मुंबईकर वकील पुण्यात आला की पहिला आठवडा गोंधळतो, मीही गोंधळले होते. पुण्यात "तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट?" असा प्रश्न येतो. मला वाटलं इमारतीचं नाव विचारतायत. ते कायद्याचं रूप विचारत होते. महाराष्ट्रात १९७० चा दुसराच एक कायदा आहे, अपार्टमेंट ओनरशिपचा. या वाटेने गेलेल्या इमारतीत सोसायटी नसते. बिल्डर आधी घोषणापत्र नोंदवतो, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन. त्यात प्रत्येक अपार्टमेंटचा सामाईक जागेतला आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. मग प्रत्येक खरेदीदाराच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट. इथे तुम्ही खरोखर स्वतःच्या नावाने अपार्टमेंटचे मालक असता, अधिक जमिनीत तुमचा अमुक टक्के हिस्सा. सगळे मिळून असोसिएशन करतात, तिला कंडोमिनियमही म्हणतात. शब्दाला जागणारी ओनरशिप शोधायची तर ती इथे आहे. आणि बोलण्यात मात्र पुणेकर हिला ओनरशिप म्हणत नाहीत, अपार्टमेंट म्हणतात!

हा फरक पुस्तकी नाही, तो दर महिन्याच्या बिलात दिसतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान: वन बीएचके असो की थ्री बीएचके, वॉचमनचा पगार सारखाच वाटून. अपार्टमेंटमध्ये खर्च हिश्शाच्या टक्केवारीने, मोठा फ्लॅट जास्त भरणार. पुण्यातल्या निम्म्या वार्षिक सभा या एका मुद्द्यावर तापतात, कारण इमारत असते अपार्टमेंट आणि कमिटीतल्या कुणीतरी पुस्तक आणलेलं असतं सोसायटीच्या उपविधीचं. नावावर तर अजिबात जाऊ नका. फाटकावर 'अमुक अपार्टमेंट' असतं आणि आत नोंदलेली असते 'अमुक अपार्टमेंट सहकारी गृहरचना संस्था मर्यादित'. नोंदणी बघायची, पाटी नाही.

मी स्वतः एकदा इथे ठेच खाल्लीय. नवीन असताना कोथरूडच्या एका इमारतीतल्या फ्लॅटच्या विक्रीचा मसुदा केला, मुंबईच्या सवयीने शेअर सर्टिफिकेटचा परिच्छेद घातला, 'संस्थेचे पाच भाग' वगैरे सगळं. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, आमच्याकडे असलं काही नाही." मी त्यांना शोधायला लावलं. दोन दिवस त्यांनी कपाटं उपसली. तिसऱ्या दिवशी घोषणापत्र माझ्या हातात पडलं तेव्हा लक्षात आलं, मुळात सोसायटीच नव्हती तर सर्टिफिकेट कुठून असणार. तेव्हापासून मसुदा करायच्या आधी मेंटेनन्सची पावती मागते. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, अर्धं काम तिथेच होतं.

तिसरी तऱ्हा नवी मुंबईची. वाशी, नेरूळला "ओनरशिप फ्लॅट" म्हणताना पायाखालची जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची असते, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. वरचा फ्लॅट तुम्ही विकत घेतलाय हे खरं, खालची जमीन संस्थेने पट्ट्याने घेतलीय हेही खरं. म्हणून विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. तसंच सरकारी जमिनीवरच्या सोसायट्यांचं: मिळकत पत्रिकेवर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असं असेल तर विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. जाहिरातीत हे कधीच नसतं. जाहिरात म्हणते ओनरशिप, आणि भाड्याच्या तुलनेत ती खोटंही बोलत नसते.

पागडीवाल्यांसाठी या शब्दाला वेगळंच वजन आहे. गिरगाव, दादर, परळ इथल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो तेव्हा भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळते, 'मालकी तत्त्वावर'. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत एकशे साठ चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना पाचशे चौरस फुटांचं घर, पुन्हा 'मालकी तत्त्वावर'. हे 'तत्त्वावर' सरकारी मराठीतलं 'बेसिसवर' आहे. इथे कुणी मला विचारलं की मॅडम, खरंच ओनरशिप का, तर मी सोसायटी, भाग, भोगवटा यांची रेकॉर्ड लावत बसत नाही. हो म्हणते. ज्याने आयुष्यभर मालकाच्या नावाची भाडेपावती सांभाळली त्याच्या तोंडी हा शब्द अचूक आहे.

मराठी प्रतिशब्दाचं काय? कायद्यात 'मालकी हक्काची सदनिका' आहे. सदनिका दस्तात शोभते, तोंडात बसत नाही. "माझ्या सदनिकेवर ये" म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. 'गाळा' हा जुना शब्द म्हाडाने जिवंत ठेवला, पण बाकी सगळीकडे तो दुकानाकडे आणि औद्योगिक वसाहतीकडे सरकला. 'ब्लॉक' साठ ते ऐंशीच्या दशकांचा. चाळीतून निघून डोंबिवली-मुलुंडला गेलेल्या पिढीने ब्लॉक घेतला, फ्लॅट नाही. ब्लॉक म्हणजे संडास-मोरी आत असलेली, दार लावलं की आपली आपण अशी जागा. त्याला 'सेल्फकंटेन्ड' असंही म्हणत. म्हणून 'ओनरशिपचा ब्लॉक' या दोन शब्दांत दोन सुटका आहेत, एक घरमालकापासून आणि एक सामाईक संडासाच्या रांगेपासून. तुमच्या आजोबांनी तो शब्द टाइप करून घेतला तेव्हा त्यांना मोफाचं कलम आठवत नसणार, हे नक्की.

जाता जाता व्याकरण: ओनरशिप स्त्रीलिंगी चालवतात. 'ओनरशिप घेतली', 'ओनरशिपची जागा', 'ओनरशिपवर मिळाली'. लिहिताना शि ऱ्हस्व, बोलताना कुणीही लांबवतो.

एक गल्लत मात्र टाळा. ओनरशिप म्हणजे मालक तिथे राहतोच असं नाही. ओनरशिपचा फ्लॅट भाड्यानेही दिलेला असतो. मालक स्वतः राहतो हे सांगायला मराठीत झकास शब्द आहे, 'राहतं घर'. परदेशातल्या एखाद्या फॉर्मवर तसा रकाना आला तर 'स्वमालकीचे राहते घर' असं भाषांतर करा, 'ओनरशिप' नको. या फरकाला पैशात किंमत आहे. सोसायटीत फ्लॅट भाड्याने दिला की बिनभोगवटा शुल्क लागतं, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, १९७० पासून. मधली काही वर्षं ती थांबली होती, २०२३ मध्ये परत सुरू झाली आणि त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला. प्राप्तिकरातही स्वतः राहत्या घराचा हिशेब वेगळा. या तिन्ही ठिकाणी 'ओनरशिप आहे' एवढं सांगून भागत नाही. राहता का, ते विचारतात.

मृत्युपत्रातही हा शब्द नुसता नको. 'माझ्या ओनरशिपचा ब्लॉक मुलीला' असं लिहिलेली मृत्युपत्रं मी पाहिलीत. न्यायालय अर्थ लावतं, पण कशाला ती वेळ आणायची? सोसायटी असेल तर फ्लॅट नंबर, संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, भागपत्राचा क्रमांक, भागांचे अनुक्रमांक लिहा आणि म्हणा, 'हे भाग व त्याअनुषंगाने असलेला सदर सदनिकेचा सर्व हक्क व हितसंबंध'. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंटचा दस्त क्रमांक आणि अविभक्त हिस्सा. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलंय म्हणजे घर त्याचं झालं, हे डोक्यातून काढा. नॉमिनी सोसायटीशी पत्रव्यवहार करणारा माणूस. वारसांचा हक्क वेगळा ठरतो. यावरून भावाभावांत जेवढा अबोला झालाय तो लिहायला दुसरी जागा लागेल.

रेरा या स्थावर मालमत्तेच्या नव्या कायद्यानंतर, म्हणजे महाराष्ट्रात मे २०१७ पासून, नव्या करारनाम्यांत ओनरशिप शब्द जवळपास दिसत नाही. तिथे अपार्टमेंट आणि अलॉटी, म्हणजे घेणारा. पैसे १० टक्क्यांवर घ्यायचे तर आधी नोंदलेला करार. शब्द बदलले, सांगाडा ओळखीचाच: आधी करारनामा, मग संस्था, मग तिच्या नावे अभिहस्तांतरण. लोक मात्र साइटवर जाऊन अजून विचारतात, "ओनरशिप ना?" भाड्याने द्यायला टॉवर कोण बांधतोय आता, पण प्रश्न जिभेवर बसलाय.

आता तुमच्या ब्लॉकचं. फ्लॅट विकायला कन्व्हेयन्स नसणं हा अडथळा नाही. तुम्ही विकताय ते भाग आणि भोगवट्याचा हक्क, आणि ते तुमच्याकडे आहेत. फक्त भाव थोडा पडतो आणि काही बँका कुरकुर करतात. संस्थेने 'मानीव अभिहस्तांतरणा'साठी अर्ज करावा म्हणून सर्वसाधारण सभेत विषय लावायला सांगा. बिल्डर किंवा जमीनमालक सही करत नसला तरी सक्षम प्राधिकारी म्हणून जिल्हा उपनिबंधक ते करून देऊ शकतात, ही सोय २००८ च्या दुरुस्तीने झाली. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात धीर ठेवा.

आजोबांच्या पाच रुपयांच्या स्टँपपेपरची चिंता करू नका. फ्लॅटच्या करारनाम्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं. त्याआधीचे करार असल्याच कागदावर होत. तो मूळ कागद जपा, मानीव अभिहस्तांतरणाच्या वेळी त्याची प्रत लागेल. शेअर सर्टिफिकेट आजोबांच्या नावावर असेल तर विक्रीआधी वारसांच्या नावे करून घ्या, सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी. आणि ते सर्टिफिकेट सांभाळायचं म्हणून कुणी लॅमिनेट करून आणायला निघालं असेल तर त्याला आधी थांबवा. हस्तांतराच्या नोंदी त्याच्या मागच्या बाजूला पेनाने करायच्या असतात, आणि प्लॅस्टिकवर सेक्रेटरींचं पेन चालत नाही.